रेल्वे हरवली होती का?

"बाई, रेल्वे आधी कुठं हरवली व्हती का?"

चौथीतल्या एका पोराने हे विचारलं तेव्हा वर्ग हसला, मीही हसले. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी 'कोणता शोध कोणी लावला' हे मी घोकून घेत होते. उत्तर त्याला पाठ होतं, पण त्याचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. आषाढीला आमच्या पंढरपुरात दिवसभर भोंग्यावरून शोध चालू असतो : अमुक गावच्या आजी हरवल्या आहेत, त्यांच्या माणसांनी चौकीपाशी यावं. शोध घ्यायचा तो हरवलेल्याचा. मग रेल्वेचा शोध लागला म्हणजे ती आधी कुठेतरी पडून असणारच की!

दोष थोडा भाषेचाही आहे. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, बेलने टेलिफोनचा लावला आणि कोलंबसने अमेरिकेचा. क्रियापद एकच. पहिल्याला असलेलं उमगलं, दुसऱ्याने नसलेलं घडवलं आणि तिसरा तर निघाला होता आपल्याकडे, पोचला भलतीकडे. 'आविष्कार' हा शब्द पोरांच्या तोंडात बसत नाही. मी आता सरळ 'कुणी बनवलं' असं विचारते, आणि त्याच्याही आधी 'कशापायी बनवलं'.

पूर्वी असं नव्हतं. वर्गाच्या भिंतीवर मीच लावलेला तक्ता होता. डावीकडे वस्तू, उजवीकडे माणूस. पोरं त्या फोटोंकडे देवघरातल्या तसबिरींसारखं बघायची : हात जोडायचे आणि पुढे जायचं. जोड्या लावायला त्यांना पाच मिनिटं पुरत. आणि मला वाटायचं, झाली ओळख.

रविवारी सकाळी आमच्या वाड्याच्या माडीवर दहा-बारा पोरं जमतात. कुणी होडीवाल्याचं, कुणी तुळशीमाळा ओवणाऱ्यांच्या घरचं, दोघं-तिघं इसबावीकडून सायकलवर येणारी. पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून केलेली खेळणी पाहिली होती. झिजलेल्या स्लीपरची चाकं, काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. तेवढ्या भांडवलावर आमचं दुकान सुरू झालं. हात चालायला लागले. पण शोधक मात्र तक्त्यावरच राहिले. मला असा माणूस हवा होता, ज्याची करामत आमच्या गावाला येऊन टेकली आहे.

तो सापडला स्टेशनात. कुर्डुवाडीहून पंढरपूरला अडीच फुटी रुळांची गाडी यायची, बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत धावली, १९०६ मध्ये पंढरपूरला आली, पुढे लातूर आणि मिरजेला गेली. या शतकाच्या सुरुवातीला इथे ब्रॉडगेज झाली, त्यामुळे माझ्या पोरांनी ती पाहिलेली नाही. घरी विचारून या म्हटलं, तर पुढच्या रविवारी गोष्टींचं गाठोडंच आलं. टपावर बसलेले वारकरी, चालत्या गाडीतून उतरून परत चढणारे काका. "आजोबा म्हणलं, इंजनात पाणी भरेस्तवर भाकरी खाऊन व्हायची."

ही गाडी आखली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. पण त्याचं नाव मी महिनाभर काढलं नाही.

चंद्रभागेचं पाणी उतरल्यावर पोरांना वाळवंटात नेलं. एक फळी, खाली दोन आस, स्लीपरची चार चाकं, वर वीट. ओल्या वाळूत गाडी ओढली की चाक रुतायचं. आस म्हणून घातलेला सायकलचा स्पोक वाकला, तेव्हा एकाने घरून मोडक्या छत्रीची दांडी पळवून आणली. चाकोरी किती खोल, हे काडीने मोजायचं. पहिल्या गाडीची काडी निम्मी बुडाली. वीट तीच ठेवायची आणि गाडी कमी रुतवायची, एवढंच मी सांगितलं. कुणी चाकं रुंद केली, तीही चाललीच. एका मुलीने खाली आणखी दोन आस जोडले. चारही नीट टेकेनात, म्हणून तासभर भांडण. टेकले तेव्हा काडी गुलाच्या थोडी वरपर्यंतच बुडाली.

कॅलथ्रॉपची अडचण हीच होती. रेल्वेचे रूळ महाग. हलके रूळ घालावेत तर जड इंजिन ते वाकवणार. त्याने ठरवलं, इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग मीटरला पंधरा किलोच्या आसपास वजनाचा रूळ पुरतो. आजच्या मोठ्या लाइनीवर तो साठ किलोचा असतो. हे सांगून मग नाव सांगितलं. आस जोडणारी म्हणाली, "त्येनं बी आधी वाळूत करून बघितलं असंल." तिच्या लेखी तो आता ओळखीचा माणूस होता.

याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं! रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स त्याचे मित्र. १९१० मध्ये विमान कोसळून ते गेले. कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि आपल्या पॅराशूटला त्याने 'गार्डियन एंजल' म्हणजे पाठराखा देवदूत असं नाव दिलं. रेल्वेवाला आणि पॅराशूट? तक्त्यावर त्याला बसवायचं तरी कुठल्या ओळीत?

आम्ही कॅरीबॅगा कापल्या, दोरे बांधले, खाली खडा. माडीवरून सोडलं की पिशवी फुगायची, पण पाळण्यासारखी झुलत जाऊन शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर पडायची. वर मधोमध भोक ठेवलं की कोंडलेली हवा तिथून निघते आणि झुलणं थांबतं, हे मला माहीत होतं. दोन रविवार मी ते गिळून बसले. खोटं कशाला सांगू, जीव कासावीस झाला. तिसऱ्या रविवारी एकाची पिशवी खिळ्याला अडकून वर फाटली. पोरं त्याला चिडवत होती, तो रडकुंडीला आलेला. तशीच सोडली त्याने. पिशवी नाकासमोर सरळ खाली गेली. माडीवर कुणी बोलेना. मग सगळ्यांनी एकदम कात्रीवर झडप घातली.

पुढची गोष्ट सांगितली तेव्हा पोरं चिडली. पॅराशूट चालत होतं, १९१७ मध्ये विमानातून उडी मारूनही दाखवली होती, तरी पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटिश वैमानिकांना ते सरसकट मिळालंच नाही. "का?" वजन वाढेल म्हणे, आणि वैमानिक विमान टाकून उड्या मारतील म्हणे. यावर मी किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट जोडली. लोखंडाने जमिनीत विष उतरेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. इसबावीच्या पोराला नवल वाटलं नाही. "आमचा आज्जा ठिबकला बी नगंच म्हणत व्हता."

सगळंच असं गोड जमतं असं नाही. एका पालकांनी मोबाइलवरचा मजकूर दाखवला : राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, हे का शिकवत नाही? मी वर्गात तो वाचला आणि पिशव्यांना विचारतो तेच प्रश्न विचारायला लावले. वर कशाने गेलं, खाली कसं आलं, बघणाऱ्याने तेव्हाच लिहून ठेवलं का? या दाव्यासाठी ज्याचा हवाला देतात, त्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासून लिहिलं आहे, हेही सांगितलं. पालक नाराज झाले, पोराला दोन रविवार पाठवलं नाही. त्याच मुंबईतले शंकर आबाजी भिसे छपाईचे खिळे पाडणारं यंत्र घेऊन लंडनला आणि पुढे न्यूयॉर्कला गेले. त्यांच्याबद्दल मला अजून कुणी काही पाठवलेलं नाही.

तक्ता मी उतरवला. भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन तेवढा राहिला आहे.

माडीवर सध्या प्रश्न चालू आहे भोक केवढं असावं याचा. रुपयाएवढं, पाच रुपयांच्या नाण्याएवढं, बांगडीएवढं, अशा पिशव्या दोरीवर ओळीने टांगल्या आहेत. बांगडीवाली धोंड्यासारखी धपकन पडते. रुपयावाली कधी सरळ जाते, कधी वाऱ्यावर भरकटते, म्हणून दोन गट पडलेत आणि एकमेकांच्या वह्या कुणी बघू देत नाही. शेजारच्या काकूंनी वाळवण पलीकडच्या पत्र्यावर हलवलं आहे.