धूर, टॉर्च आणि पिंप

महापालिकेची धूर सोडणारी गाडी मोहल्ल्यात शिरली की मुले तिच्यामागे धावतात आणि बायका समाधानाने म्हणतात, "चला, आज काम झाले." पण धुराने मरतो तो उडणारा डास. पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळ लागत नाही. खरे काम करतो तो टॉर्च घेऊन घरोघरी येणारा आरोग्य कर्मचारी, आणि नेमके त्यालाच आपण दारातून परत पाठवतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूने आजारी पडली. प्लेटलेट फार उतरल्या. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, वडिलांनी रिक्षावर कर्ज काढले. मुलगी वाचली, अल्हमदुलिल्लाह. नंतर कर्मचाऱ्याने पाहिले, तर त्यांच्या न्हाणीतल्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. तिची अम्मी मला म्हणाली, "टीचर, पानी तो एकदम साफ था."

तीच तर गोष्ट आहे. डेंग्यूचा एडिस डास गटार शोधत नाही. त्याला घरातले साठवलेले स्वच्छ पाणी आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेपाशी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि पिंप कोरडे पडले तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावे लागते. त्या कर्मचाऱ्याने शाळेत बाटलीतून अळ्या आणून दाखवल्या. डोके खाली, शेपटीकडची नळी वर. बाटली हलवली की सुर्रकन तळाला. त्या दिवशी मुलांनी घरी जाऊन आपापली पिंपे तपासली.

दार न उघडण्यालाही कारण आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. पुरुष कामावर, घरात सून एकटी. अनोळखी माणसाला न्हाणीपर्यंत कसे येऊ द्यायचे? पालकसभेत हे निघाले. आम्ही आरोग्य विभागाला अर्ज दिला की सोबत आशाताईंना पाठवा. पंधरा दिवसांत त्या येऊ लागल्या आणि दारे उघडली.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांना बाहेर पडलेल्या जुन्या टायरांबद्दल नोटीस आली, तेव्हा ते चिडले. "डास काय माझ्याच दुकानात होतात?" त्यांचे अगदीच चूक नव्हते. समोरच्या अर्धवट इमारतीच्या तळघरात गुडघाभर पाणी होते आणि तिथे कोणी फिरकले नव्हते. चाचांनी टायर ताडपत्रीखाली घेतले. तळघराची तक्रार आम्ही लेखी केली, पोच घेऊन. तोंडी सांगण्याला तिथे किंमत नाही. मग पंप लागला. मशिदीच्या हौदात पालिकेने गप्पी मासे सोडले, तेही फुकट. वजू करताना लहान मुले त्यांनाच बघत बसतात.

आता पालिकेचे पत्रक सांगते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो, कधी पहाटे तीनला. भरलेले पिंप ओतून द्यायला बाईचा हात कसा धजेल? मी शेजारणींना सांगते, नळाच्या आदल्या रात्री पाणी तळाला गेले की घासून घ्या, आणि भरल्यावर तोंडाला जुनी ओढणी घट्ट बांधा. पाणी एक दिवसाआड द्या, हा आमचा अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे मार्चपासून पडून आहे. पोच शाळेच्या कपाटात आहे. दर महिन्याला आम्ही दोघी-तिघी जाऊन विचारून येतो.