पाळी चुकण्याआधी

बीजवाहिनीच्या रुंद भागात बीजांडाला शुक्राणू भेटतो आणि पुढचा जवळजवळ आठवडा आईला कशाचाच पत्ता नसतो. डोहाळे, ओटभरण यांचं कौतुक सगळ्यांना. माझं मन मात्र या आठवड्यापाशीच रेंगाळतं. ती लोकल पकडते, भाकऱ्या थापते, पोटात काय चाललंय हे तिला ठाऊक नसतं.

एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी ती पेशी. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, तरी गर्भ मोठा होत नाही. पेशीच लहान होत जातात. ही सुरुवात सगळी आईच्या शिदोरीवर. चार ते आठ पेशी झाल्या की गर्भाची स्वतःची जनुकं नीट कामाला लागतात. बीजवाहिनीतली सूक्ष्म लव त्याला हळूहळू गर्भाशयाकडे सरकवत असते. पाचव्या दिवसाच्या सुमारास आत द्रवाची पोकळी तयार होते, मग तो कवचातून बाहेर पडतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो.

आता त्याला आपण आल्याचं कळवावंच लागतं. एचसीजी हे संप्रेरक तो आईच्या रक्तात सोडतो. ते अंडाशयाला पोचलं तर तिथून प्रोजेस्टेरॉन येत राहतं, अस्तर टिकतं; नाहीतर पाळी येते. चाचणीच्या पट्टीवरची दुसरी रेघ उमटते ती याच एचसीजीमुळे.

कितीतरी गर्भ एवढ्यातच थांबतात. माझ्या वहिनीचंही तसंच झालं. फिकट रेघ दिसली आणि थोड्याच दिवसांत रक्तस्राव सुरू झाला. घरातला पहिला प्रश्न होता, "पपई खाल्लीस का गं?" दुसरा, "जड काही उचललंस?" ती बिचारी एकेक दिवस आठवत बसली. मला ते प्रश्न आजही सहन होत नाहीत. लवकर होणाऱ्या गर्भपातांत गुणसूत्रांची संख्या चुकणं हे सर्वांत मोठं कारण असतं, आणि ती चूक पुष्कळदा बीजांड पक्व होतानाच, म्हणजे गर्भ राहण्याआधीच झालेली असते.

डॉक्टरीणबाईंनी तिला हे कागदावर आकृती काढून समजावलं. वहिनीने तो कागद घरी आणून आईपुढे ठेवला. आईने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"तुझ्या नवऱ्याच्या आधीचं माझंही असंच गेलं," ती म्हणाली. "उन्हात धुणं धुतलंस म्हणून गेलं, असं मला सांगितलं होतं."