नाव ठेवणारे वाटसरू

शेजारच्या वहिनींचा मुलगा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात असतो. गेल्या दिवाळीआधी त्याने तिथे तळ्याकाठी घर घेतले. वहिनी पेढे घेऊन आल्या, पण चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "मास्तर, त्या तळ्याचं नाव म्हणे ‘मेलेल्यांची टेकडी’! सणासुदीला असलं अभद्र नाव कसं हो घ्यायचं?"

शंका आली की नकाशा काढायचा, ही माझी मास्तरकीची खोड. ऑशकॉश शहराजवळ तळे सापडले : ब्यूत दे मोर. नाव फ्रेंच. १६७३ साली मार्केत आणि जोलिए मिसिसिपीच्या शोधात निघाले, ते तिथल्याच फॉक्स नदीतून होड्या वल्हवीत. मागोमाग कातड्यांचे फ्रेंच व्यापारी आले. काठावर त्यांना मूळ रहिवाशांच्या दफनाची टेकडी दिसली. दिसले तेच नाव ठेवले आणि होड्या पुढे हाकल्या.

जवळच्याच विनेबागो सरोवराकाठच्या लोकांचीही तीच गत. इतर जमाती त्यांना घाण वासाच्या पाण्याकाठचे लोक म्हणत. फ्रेंचांनी भाषांतरात पाणी गाळले आणि माणसांनाच ‘दुर्गंधीवाले’ करून टाकले! ती माणसे स्वतःला होचंक म्हणवतात. म्हणजे मोठ्या आवाजाचे लोक.

हे वाचून हसलो, आणि एकदम ओशाळलो. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत अंतर ते कितीसे? मीही या गावी बदलून आलो तेव्हा वाटसरूच होतो. वर्गात एक मुलगा तोंड उघडीना. मी त्याला ‘मुखस्तंभ’ म्हटले. वर्ग हसला. ते नाव त्याला शाळा सुटेपर्यंत चिकटले. त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील गेले होते, हे मला पुढे कळले. तो मुलगा म्हणजे वहिनींचाच.

वहिनींना म्हटले, "ते भुताखेताचं नाव नाही. कुणीतरी आपली माणसं तिथं मायेनं निजवली होती."

त्या क्षणभर थांबल्या. "मग आकाशकंदील लावशील तेव्हा एक पणती त्यांच्यासाठीही ठेव, असं सांगते त्याला."

पाडव्याच्या सकाळी त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती. "सर, वारा फार आहे, पण पणती टिकली आहे," म्हणाला. वीस वर्षांपूर्वीच्या त्या नावाबद्दल मी त्याची माफी मागितली. तिकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो बोलू लागला, आणि पुष्कळ वेळ बोलत राहिला.