फायनलच्या आदल्या दिवसाची टिपणं

‘उद्या कोण?’ हा प्रश्न कोल्हापुरात मंगळवार पेठेत सरळ विचारता येत नाही. पाटाकडील तालीम मंडळाचा फुटबॉल संघ तिथलाच आणि बालगोपालचाही तिथलाच. शिवाजी पेठेत जावं, तर शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ सगळी एकमेकांच्या हाकेवर. समोरचा कुठल्या गल्लीतला हे आधी ताडायचं, मग तोंड उघडायचं. परगावचा माणूस इथंच फसतो. त्याला वाटतं, पेठ एक म्हणजे पोरंही एक.

०

‘ह्या खेपेला अवघड हाय भावा.’

असं म्हणणाऱ्याचा संघ भरात आहे हे खुशाल समजावं. ज्याची बाजू खरोखर लंगडी असते, तो ‘तीन-शून्य, लिहून घे’ म्हणतो. आदल्या दिवशी आपला संघ जिंकणार असं म्हणायचं नाही, नजर लागते. अर्जेंटिनात तर कार्लोस मेनेम या त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षाचं नाव घेणंही लोक अपशकुनी मानतात. हे कट्ट्यावर सांगितलं, तर लगेच विचारणा झाली : ‘मग आपल्यातला मेनेम कोण?’ तीन नावं पुढं आली. तिघंही तिथंच बसले होते.

०

आजच्या चर्चेत काय काय तोललं गेलं : सेमीफायनलला पिवळं कार्ड घेतलेला बॅक उद्या सांभाळून खेळेल की पुन्हा पाय घालेल. नायजेरियाचा फॉरवर्ड चारच्या उन्हात दुसऱ्या हाफपर्यंत टिकेल का. (‘आरं, त्याच्या गावात काय बर्फ पडतो व्हय?’) आणि सगळ्यांत गंभीर मुद्दा : हाफवरचा पोरगा काल मित्राच्या हळदीला रात्री किती वाजेपर्यंत नाचत होता. हंगामाचा शेवट आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, त्याला कुठलाच कोच काही करू शकत नाही.

०

फायनलच्या शाहू स्टेडियमपासून खासबागचं कुस्ती मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. संघांच्या नावांत ‘तालीम’ आहे ती उगाच नाही. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पोरांनीच पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. आखाडे बरेच ओस पडले, पण तोलायची रीत कुस्तीचीच राहिली. फायनलची चर्चा ऐका : त्यांचा स्ट्रायकर विरुद्ध आमचा स्टॉपर. म्हणजे जोड लावायची. उंची किती, दम किती, मागच्या वेळी कुणी कुणाला पाडलं. कुस्तीत हा हिशेब बरोबर आहे, दोनच देह समोर असतात. फुटबॉलमध्ये मात्र बाकीचे वीस जण वाऱ्यावर सुटतात. मधल्या फळीबद्दल आज दिवसभरात मी एक वाक्य ऐकलं नाही. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या फायनली तिथंच ठरतात : कोण चेंडू पायाखाली दाबून दोन श्वास घेतो आणि कोण घाईनं उंच मारून मोकळा होतो. पण चेंडू दाबून ठेवणाऱ्याला गॅलरीतून शिव्या बसतात आणि उंच मारणाऱ्याला शिट्ट्या. मग पोरं तरी काय शिकणार?

०

पैज : हरणाऱ्यानं तांबडा-पांढरा घालायचा. जिंकणाऱ्यानं मटणाचं वजन सांगायचं.

०

आपल्याकडचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापुरात सगळ्या पेठा एका बाजूला होत्या. भारत अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांशीही हरला. तरी कुणी कुणाला टोमणा मारला नाही. चांगलंच होतं ते. पण खरं सांगायचं तर त्यात आपल्याला सवयीची ईर्षा नव्हती, आणि ईर्षेशिवाय इथल्या माणसाला अंदाज बांधता येत नाही. विश्वचषकातही तो आधी ब्राझील नाहीतर अर्जेंटिना यांतली एक पेठ धरतो. 2022 मध्ये क्रोएशियानं ब्राझीलला टायब्रेकरवर घरी पाठवलं, त्यानंतर ब्राझीलवाल्यांना अचानक फ्रान्सबद्दल माया वाटू लागली ती काही एम्बापेच्या प्रेमानं नव्हे.

०

एक हिशेब पोलिसांचाही असतो. कुठले समर्थक कुठल्या गॅलरीत, कुठल्या दारानं बाहेर, जिंकणाऱ्यांची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं. खेळापेक्षा दगडफेकीच्या बातम्या मोठ्या छापून आल्या, असे दिवस या शहरानं पाहिलेत. त्यात पेठेची शान वगैरे काही नाही. संघावर कारवाई झाली की खेळायचं राहतं ते पोरांचं. दगड मारणारा पुढच्या सामन्याला पुन्हा तिकीट काढून हजर.

०

रात्री उशिरा एका जुन्या खेळाडूला गाठलं. दोन्ही संघांबद्दल तो काहीच बोलला नाही. म्हणाला, ‘आज सरावाला पेनल्टी कुणी मारल्या?’ कुणालाच माहीत नव्हतं. ‘मग गप झोपा.’

०

माझा अंदाज इथं टिपून ठेवतो. हाफटाइमच्या आत गोल झाला तर सामना खुला होईल, तीन-चार गोल दिसतील. नाही झाला तर दोघंही जपून खेळतील आणि टायब्रेकर. कोण जिंकणार ते लिहीत नाही. एका पेठेत माझं घर आहे, दुसऱ्या पेठेत सासुरवाडी, आणि ही वही कपाटाबाहेरच पडलेली असते.