कावळा, फांदी आणि कर्नल

लिनक्सचा कर्नल अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि डिस्कच्या एरर सुरू झाल्या, की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं हो!" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! पण अपडेट आणि रीस्टार्टच्या निमित्ताने महिनोन्महिने कुणी न वाचलेले सेक्टर वाचले जातात, हे लक्षात घ्यायला हवं. दुखणं जुनंच असतं, बोभाटा आज होतो.

तरी कावळ्याला सोडून द्यायचीही घाई नको. 2018 च्या अखेरीस 4.19 कर्नलवर एक्स्ट4 फाइलसिस्टीम खराब होऊ लागल्या, तेव्हा सगळ्यांनी आधी एक्स्ट4लाच धरलं. दोष निघाला त्याखालच्या ब्लॉक लेयरमध्ये. दुरुस्ती आली 4.19.8 मध्ये. बिचाऱ्या डिस्क धडधाकट होत्या.

म्हणून आधी डेटाची कॉपी, मग निदान. आजारी डिस्कवर फाइलसिस्टीम दुरुस्त करणारा एफएससीके चालवायची खुमखुमी अनेकांना असते; मला तो आततायीपणा वाटतो. कॉपी हाताशी आली की कर्नलचा लॉग उघडायचा. 'हार्ड रीसेटिंग लिंक' पुन्हा पुन्हा दिसतंय आणि साटा लिंक 6.0 वरून 3.0 जीबीपीएसवर उतरलीय, म्हणजे डिस्क आणि कंट्रोलरचं बोलणं तुटतंय. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातले, आकडे. 197 क्रमांकाचा वाढला तर डिस्कमधलेच सेक्टर वाचता येत नाहीयेत. 199 क्रमांकाचा वाढला तर संशय केबलवर. हा 199 कधी खाली येत नाही, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. आज लिहून ठेवायचा आणि उद्या वाढलाय का ते बघायचं.

बूट होतानाच्या ग्रब मेनूत बहुतेक वेळा जुना कर्नल असतो. त्यावर एरर थांबल्या, तर नव्याने काय बदललं ते शोधायचं. साटा लिंकची वीजबचत हा माझा पहिला संशयित: फेडोरा 28 ने ती लॅपटॉपवर आपणहून चालू केली, आणि काही डिस्कना ती मानवत नाही. अशा तऱ्हेवाईक डिस्कची मॉडेलवार यादी कर्नलच्या कोडमध्येच आहे.

जुन्या कर्नलवरही एरर आल्या तर कॅबिनेट उघडायचं. बऱ्याचदा केबल टायने इतकी आवळलेली असते की कनेक्टर एका बाजूने उचललेला दिसतो. केबल बदलली, 199 जागचा हलला नाही, की गिऱ्हाईक विचारतं, "मग आता अपडेट कायमचे बंद करून टाकू ना?"