मिठाची ओढ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात परिचारिका म्हणून मी आले, तेव्हा हिवताप, क्षय आणि सर्पदंश हे नित्याचे शत्रू होते. ग्रंथींच्या विकारांची शुश्रूषा मला रुग्णांनीच शिकविली.

क्षयातून उठलेली एक बाई दिवसेंदिवस खंगत चालली होती. उभी राहताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. "बाई, मीठच खावंसं वाटते जी," असे ती ओशाळून सांगे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी क्षयाने निकामी झाल्या, की शरीरातले मीठ लघवीवाटे वाहून जाते आणि रक्तदाब घसरतो. लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्वचा काळवंडणे ही त्याची खूण. परंतु उन्हात राबणाऱ्या सावळ्या चेहऱ्यावर ती कशी दिसावी? ती हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत शोधावी लागते. रक्तदाबही आधी निजवून, मग उभे करून मोजावा लागतो. औषध सुरू झाले आणि पुढल्या पावसाळ्यात ती बाई रोवणीला गेली.

दुसरे रुग्ण येत ते आठवडी बाजाराच्या वाटेने. सांधेदुखीवर पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने ते घेतले, की ग्रंथी आपले काम विसरतात. चेहरा गोल होतो, दुखणे पळते. पैसे संपले, की गोळ्या एकाएकी बंद होतात. अशा देहाला हिवतापाचा एक झटका पुरतो.

म्हणून रुग्णाला घरी धाडताना मी तीन गोष्टी त्याच्याकडून वदवून घेत असे. गोळी आपल्या मनाने थांबवू नये. ताप आल्यास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवावी. उलटीमुळे गोळी पोटात टिकेना, तर तत्काळ इंजेक्शनासाठी यावे. हायड्रोकॉर्टिझोन आणि सलाइन मिळताच निपचित पडलेला माणूस काही तासांत उठून बसलेला मी पाहिला आहे. परंतु पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडची वाट तुटते. तेव्हा गोळ्यांचा साठा पावसाळ्यापूर्वीच घरात हवा.

कॉर्टिझोनच्या शोधकर्त्यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी या विकारात मरण जवळजवळ ठरलेलेच असे. आज गोळी थोडक्या पैशांत मिळते. वाचकहो, दम्यासाठी वा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे कोणी आपल्याही शेजारी असेल. ते तापाने अंथरुणाला खिळले, तर पेज घेऊन अवश्य जावे, पण आधी विचारावे, "आजची गोळी घेतली ना?"