न ऐकता घेतलेला आवाज

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. आमच्या भागात मोठी रक्कम मनात उतरायची तर आधी तिचं सोयाबीन करावं लागतं, म्हणून तेवढं उरकून घेतो. घरात बसून मन लावून गाणं ऐकावं असा नावाजलेला हेडफोन तीस हजारांच्या आसपास मिळतो. झालं साडेपाच-सहा क्विंटल. सेनहायझरचा एचडी ८०० एस किंवा त्याच्या पंगतीतला दुसरा कुठला घ्यायचा, तर दीड लाखाच्या अल्याडपल्याड, म्हणजे तीस क्विंटलच्या घरात. याच कंपनीने २०१५ साली एचई १ नावाचा संच जाहीर केला. संगमरवरी पेटी, तिच्यातून सावकाश वर येणारे व्हॉल्व्ह आणि किंमत पन्नास हजार युरोंच्या आसपास. आजच्या दराने पन्नास लाख रुपये. त्याचं सोयाबीन मोजायला अख्खी आडत लागेल.

पन्नास लाखवाला अजून माझ्याकडे आलेला नाही. बाकीचे मात्र नांदेडला आहेत आणि लातूरलाही आहेत. डॉक्टर आहेत, क्लासचे सर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम गावाकडच्या खोलीतून करणारी मुलं आहेत. मी नांदेडला ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. मंगल कार्यालयं, भजनी मंडळं, गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे रागी जत्थे, ऑर्केस्ट्रावाले यांच्यावर माझं पोट चालतं. कानाच्या नळीएवढी पोकळी असलेला कपलर, मोजमापाचा माइक आणि लॅपटॉप घेऊन हेडफोन मोजणं हे त्याच कामाचं पुढचं टोक. त्यामुळे एखाद्याच्या घरात नवं खोकं आलं की ते बहुतेक वेळा माझ्या टेबलावरही येतं, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "सर, किती पैसे घालावेत यात?"

माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. हेडफोनच्या किमतीत या शौकिनाचे पैसे फारसे बुडत नाहीत. ते बुडतात अदलाबदलीत. नांदेडला वजिराबादेत फिरा, लातूरला गंजगोलाईत फिरा. मोबाइलचे इअरफोन मिळतील, होम थिएटर मिळेल, मिरवणुकीचे बेस मिळतील. पण चार हेडफोन ओळीने मांडलेत, घाला डोक्यावर आणि ठरवा, असं दुकान नाही. त्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठायचं. तेवढ्यासाठी कोण जातो? मग माणूस वर्णनं वाचतो, कुणाचा तरी व्हिडिओ बघतो, आणि 'उबदार', 'मोकळा', 'पडदा बाजूला झाल्यासारखा' अशा शब्दांवर विसंबून पैसे मोजतो. महिनाभराने वाटतं, हे आपल्याला हवं तसं नाही. तो विकायचा, दुसरा मागवायचा.

समजा, तीस हजारांचा घेतला आणि बावीसला गेला. पुढचा पन्नासचा घेतला, तो सदतीसला गेला. मधे 'याला ताकद कमी पडते' म्हणून वीस हजारांचा ॲम्प आला आणि चौदाला गेला. सत्तावीस हजार गेले आणि हातात काहीच नाही. तो माणूस मात्र हिशेब सांगताना आज डोक्यावर असलेल्या हेडफोनची किंमत सांगतो. घरी तर तीही निम्मी करून सांगतो.

या अदलाबदलीला कानही साथ देतो. दोन आवाजांतला बारीक फरक कान काही सेकंदच धरून ठेवतो. गेल्या महिन्यात विकलेल्या हेडफोनशी आजच्या हेडफोनची तुलना ही स्मरणातल्या मतांची तुलना असते. दुसरी गंमत मोठ्या आवाजाची. तेच गाणं एक डेसिबलने वाढवलं तर ते मोठं झालं असं जाणवत नाही, 'जास्त स्वच्छ' वाटतं. म्हणून माझ्याकडे दोन ॲम्प किंवा दोन डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी पेटी) यांची तुलना करायची असेल तर आधी व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज एका टक्क्याच्या आत सारखा करतो. मग स्विच झाकतो आणि सोळा वेळा ओळखायला सांगतो. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, तेव्हा बारा आले तर फरक खरोखर ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. चांगल्या बनावटीच्या दोन डॅकमध्ये बहुतेकांचे सात, आठ, नऊ येतात. काही जण त्यावर हसतात, काही जण पुन्हा फिरकत नाहीत.

हे फक्त माझ्या टेबलावर घडतं असं नाही. अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या डिस्कवरचं संगीत एकदा जसंच्या तसं ऐकवायचं आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जात, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये उतरवून. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून एवढंच येतं. आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना पंधरा-सोळा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही, तर सीडी २२ हजारांपर्यंत पोचते. ज्यांच्या खिशात दीड लाख असतात ते सहसा याच वयाचे.

तारेचंही तसंच. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के चांगली वाहक, हे खरं. पण हेडफोनच्या साध्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरला आणि हेडफोन ३२ ओहमचा असला, तर त्या तारेत आवाज घटतो सुमारे ०.०५ डेसिबल. चांदीने त्यातला विसावा भाग वाचतो. पंधरा हजारांची तार दिसायला देखणी असते आणि हातात छान वाटते. तेवढ्यासाठी घेतली तर माझी ना नाही.

मग फरक पडतो कशाने? कुठला स्वर किती उचलला जातो आणि कुठला दबतो, त्याने. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो हे घुमणं घेऊनच. हेडफोनने कान झाकला की ही व्यवस्था बिघडते, म्हणून बनवणाऱ्याला तो उठाव मोजूनमापून परत घालावा लागतो. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना बसवून, लोकांना कुठला तोल आवडतो याची रेषाच काढली. आज हजार-दोन हजारांचे चिनी इअरफोन या रेषेच्या जवळ जाऊन बसतात. मूनड्रॉपचा चू हे त्यातलं ठळक नाव. येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि हा तोल यांचा संबंध सापडला नाही.

पोरांना हे पटतं. लातूरला क्लाससाठी राहणारी मुलं दोन हजारांचा इअरफोन आणि फोनमधला फुकटचा इक्वलायझर घेऊन जेवढं ऐकतात, तेवढं ऐकायला त्यांच्या सरांनी पन्नास हजार घातलेले असतात. फक्त रबरी टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. फट राहिली की खर्ज गेला, आणि मग इअरफोनच वाईट ठरतो. पाकिटातल्या तिन्ही मापांच्या टोप्या घालून बघा, हा माझा सर्वांत स्वस्त सल्ला.

ताकदीचा बाऊही असाच. हायफायमॅनचा सुस्वारा हा हेडफोन चालवायला अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला एक मिलिवॉट दिला तर तो ८३ डेसिबल आवाज देतो. आपण मध्यम आवाजात ऐकतो ते ७५ च्या आसपास. तबल्याची थाप किंवा वाद्यमेळाचा कळस वीस डेसिबल वर गेला तरी ९५. त्याला लागतात सोळा मिलिवॉट. मोठ्याने ऐकणाऱ्याला जास्त लागतील, पण मोठ्याने ऐकणाऱ्याने ॲम्पआधी कानाची काळजी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ ला पाचच तास उरतात.

परदेशी परीक्षणांत न येणाऱ्या गोष्टी आमच्या हवेत आहेत. मे महिन्यात पंख्याशिवाय बसणं शक्य नाही, आणि पाचवर फिरणारा पंखा खोलीत पन्नास डेसिबलच्या आसपास घरघर करतो. महागडे हेडफोन बहुधा मागून उघडे असतात, ती सगळी घरघर आत येते. १२० डेसिबलचा पल्ला सांगणारा डॅक घेऊन माणूस पंचेचाळीसेक डेसिबलच्या फटीत संगीत ऐकतो. बंद हेडफोन घेतला तर घाम. रेक्झिनच्या गाद्या दोन उन्हाळ्यांत सोलतात आणि काळे पापुद्रे गालाला चिकटतात; मखमली गाद्या टिकतात. हेडफोनमध्ये गूं आवाज येतो म्हणून कुणी वीस हजारांची पॉवर केबल मागवली की मी आधी वायरमन बोलावतो. जुन्या वस्त्यांत भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नसते. आणि अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने पाठवलेला १२० व्होल्टचा ॲम्प आमच्या २३० वर लावला तर तो थेट माझ्याकडेच येतो.

शेवटी आपण काय ऐकतो तेही बघावं. आमच्याकडचे चोखंदळ श्रोते बहुतेक जुन्या गाण्यांचे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झालं ते मोनो. त्या काळातली नाट्यपदं, भावगीतं, चित्रपटगीतं, सगळी मोनो. मोनोत दोन्ही कानांना एकच आवाज जातो. ज्या हेडफोनची ख्याती 'मैफिलीत कोण कुठे बसलंय ते दाखवतो' अशी, त्याला तिथे दाखवायला काही नसतं. ब्लूटूथवरची 'लॉसलेस' गाणीही बहुधा अशीच फसवी: सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, तर नावाजलेलं एलडॅक हे ब्लूटूथ-तंत्रसुद्धा ९९० वर थांबतं.

एवढं सगळं सांगूनही महाग हेडफोन हा नुसता भपका आहे असं मी म्हणणार नाही. पैशाने काही गोष्टी नक्की मिळतात. डावा-उजवा ड्रायव्हर एकमेकांशी जुळलेला असतो, खर्ज फाटत नाही, तीन तास घातला तरी कानशील दुखत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे. त्याची तार, गाद्या, जाळी, सगळं बदलता येतं. जिथे सर्व्हिस सेंटर नाही तिथे हा गुण बाकी सगळ्या गुणांच्या वर. मी स्वतः दहा-पंधरा हजारांपर्यंत आवाज विकत घ्यावा असं सांगतो, तीसपर्यंत आराम आणि टिकाऊपणा. त्यापुढे माणूस कारागिरी आणि मालकीचा आनंद विकत घेतो. पैठणी घेणाऱ्याला कुणी धाग्याचा हिशेब विचारत नाही. पैठणी निदान हातात धरून, उजेडात बघून घेतात, एवढंच.

म्हणून दोन्ही गावांतल्या शौकिनांपुढे एक बेत ठेवला आहे. वेगवेगळ्या तोलाचे चार हेडफोन, एक साधा डॅक-ॲम्प, माझा व्होल्टमीटर आणि झाकलेला स्विच, सगळं एका पेटीत. दहा जणांनी सात-सात हजार घातले तर जुन्या-नव्यात मिळून संच उभा राहतो. पेटी पंधरा दिवस नांदेडला, पंधरा दिवस लातूरला. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने कुणी ना कुणी येत-जात असतंच. आठ दिवस आपल्याच खोलीत, आपल्याच पंख्याखाली, आपलीच गाणी ऐकायची आणि मग मागवायचं. सात हजार म्हणजे एका चुकलेल्या खरेदीचा तोटा. पाच नावं आली आहेत. उरलेल्या पाचांपैकी दोघं म्हणतात, आधी नवं खोकं येऊ द्या, ते वाटेत आहे, मग बघू.